ताऱ्यांची वाटणी

मेरू क्लासेसच्या दुसऱ्या मजल्यावर सोळा कॉम्प्युटर धूळ खात पडले होते. क्लासेसचे मालक शेषेराव सर यांनी ते मोठ्या हौसेनं घेतले होते. बारावीच्या पोरांना कॉम्प्युटर शिकवायचा आणि जाहिरातीत तसा फोटो छापायचा, असा बेत होता. फोटो छापून झाला, पण पोरं काही तिकडं फिरकली नाहीत. हिमायतनगरपासून उदगीरपर्यंतची पोरं लातुरात यायची ती टक्क्यांसाठी. ज्यानं टक्का वाढत नाही ते शिकायला कुणाला सवड होती?

त्या क्लासमध्ये बुद्धप्रिया सोनकांबळे फिजिक्स शिकवायची. १९९८ साली विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून कॉम्प्युटरची पदवी घेऊन ती बाहेर पडली. बरोबरीच्या मुली पुण्याला, हैदराबादला गेल्या. बुद्धप्रियाची आई पार्वतीबाई औसा तालुक्यात गावाकडं एकटी होती, आणि आईला गाव सोडायचं नव्हतं. मग ही लातुरात थांबली. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं शेषेराव सरांकडं त्या खोलीची किल्ली मागितली.

"काय करणार तिथं?" सरांनी विचारलं.

"तारे चालवून बघायचेत."

सरांना वाटलं पोरगी थट्टा करतेय. मग तिनं समजावलं. आभाळात ताऱ्यांचे दाट पुंजके असतात. त्यातला प्रत्येक तारा बाकीच्या प्रत्येक ताऱ्याला ओढतो. दोन तारे असले तर पुढं काय होईल हे कागदावर सांगता येतं. तीन झाले की कागद हात टेकतो. दहा हजार तारे घेतले, तर नुसत्या जोड्याच पाच कोटी होतात. प्रत्येक जोडीची ओढ काढायची, सगळे तारे किंचित पुढं सरकवायचे, की पुन्हा पाच कोटी. असं लाखो वेळा. एका कॉम्प्युटरचं ते काम नाही. सोळा मिळून करतील.

"याला मोठमोठी यंत्रं लागतात. पुण्याला आहेत म्हणे तसली," सर म्हणाले.

"पुण्याची यंत्रं पुण्याला. आपली बंद पडलीत ती इथं."

सरांनी किल्ली दिली. रिकाम्या खोलीत कुणी बसलं तर त्यांचं काही जात नव्हतं, आणि पालकांना फिरवून दाखवायला चालू स्क्रीन बऱ्या दिसतात.

त्यानंतर तिचे रविवार त्या खोलीत जाऊ लागले. सोबतीला तय्यबभाई असत. गंजगोलाईच्या मागं त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आता कॉम्प्युटरही उघडायला लागले होते. मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून बुद्धप्रियानं सगळ्या मशीनवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवली, तय्यबभाईंनी केबली ओढल्या, सगळ्यांची टोकं एका डबीत आणून जोडली.

"आता हे सोळा जण एकमेकांशी बोलणार?" तय्यबभाईंनी विचारलं.

"बोलतील. पण जास्त बोलले तर काम कोण करणार? कमीत कमी बोलायला लावायचं, हीच तर सगळी खुबी आहे."

आणि पाच कोटी जोड्यांचं काय? त्याला तोड जगात आधीच निघालेली होती, विष्णुपुरीच्या ग्रंथालयात तिनं ती वाचली होती. तय्यबभाईंना तिनं ती त्यांच्या भाषेत सांगितली. "तुम्ही लातुरात उभे आहात. तिकडं लांब हिमायतनगर. तिथलं घर न् घर कशाला मोजता? सगळं गाव मिळून एक ठिपका धरा, भागतं. पण तुमच्या गल्लीतलं घर एकेक मोजावंच लागतं. ताऱ्यांचं तसंच. लांबचा पुंजका एकच जड तारा समजायचा. जवळचे मात्र सुटे सुटे."

"आणि चाकूर? ते ना लांब ना जवळ."

"त्याच्या पेठा करायच्या. पेठ लांब वाटली तर ठिपका, जवळ वाटली तर पुन्हा तुकडे."

तय्यबभाईंना पटलं. प्रोग्राम चालूही झाला. पण भारी रेंगाळायला लागला. तिनं आभाळाचे सोळा सारखे तुकडे करून एकेका मशीनला एकेक दिला होता. पुंजक्याचा गाभा ज्याच्या वाट्याला आला ते मशीन मरमर राबत होतं, आणि कडेचं मोकळं आभाळ मिळालेले पंधरा जण त्याचं कधी उरकतं याची वाट बघत स्वस्थ बसले होते.

हे चित्र बुद्धप्रियानं पूर्वी पाहिलं होतं. कुठं, ते सांगायचं तर त्र्याण्णव सालात जावं लागतं.

तेव्हा ती बारावीत होती आणि लातुरात मागासवर्गीय मुलींच्या वसतिगृहात राहत होती. तिचा धाकटा भाऊ अश्वजित गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडं सालानं होता. गणपती बुडवून झाल्यावर तो मालकाच्या घरीच झोपला, बैलांना पहाटे वैरण टाकायची म्हणून. ते घर हातहातभर रुंदीच्या दगडी भिंतींचं होतं आणि माळवदावर पिढ्यान्‌पिढ्या माती चढवलेली होती. पहाटे जमीन हादरली. वसतिगृहाच्या मुली ओरडत मैदानात आल्या, आणि उजाडता उजाडता औशाकडच्या बातम्या यायला लागल्या. बुद्धप्रिया मिळेल त्या ट्रकनं गावाला गेली. गाव राहिलंच नव्हतं. गावकुसाबाहेरच्या बौद्ध वस्तीतली कुडाची, पत्र्याची घरं तेवढी वाकडी होऊन उभी होती. आई जिवंत सापडली. मालकाचं आख्खं घरदार गेलं, आणि त्यांच्याबरोबर अश्वजित.

पुढं माळावर पत्र्यांची शेडं पडली. पाण्याचा टँकर गल्लीमागं एक, असा हिशेब होता. वरच्या अंगाच्या गल्लीत सहा कुटुंबं उरलेली, वस्तीच्या गल्लीत तीस. बुद्धप्रिया थेट मदतीच्या तंबूत गेली आणि तिथल्या साहेबापुढं उभी राहिली. "गल्ल्या मोजू नका. माणसं मोजा." साहेबानं आधी तिला हाकललं. ती बाजूला झाली आणि पुन्हा रांगेत लागली. तिसऱ्यांदा आली तेव्हा त्यानं टँकरवाल्याला हाक मारली.

त्याच तंबूबाहेर एक जाणता म्हातारा लोकांना सांगत बसला होता, की शनी-मंगळाची गाठ पडली म्हणून हे झालं. वस्तीतली माणसं वाचली कशी, यावरही वाकडं बोलणारे निघाले. आई ऐकून घ्यायची. लेक मात्र तेव्हाच मनाशी म्हणाली, शनी ओढतो तरी किती, हे एकदा मोजून बघायचं.

टँकरचा तो हिशेब आठवून क्लासच्या खोलीत तिनं आभाळाचे तुकडे मोडीत काढले आणि डोकी मोजून वाटणी केली, प्रत्येक मशीनला सारखे तारे. थोडं सुधारलं, पण भागलं नाही. गर्दीतल्या ताऱ्याला जवळचे शेजारी फार, त्याचं काम जास्त. कडेचा तारा पाचपंचवीस ठिपक्यांत उरकतो. डोकी सारखी, मेहनत सारखी नाही. यात तिचे दोन महिने गेले. शेवटी तिनं प्रत्येक ताऱ्याला मागच्या फेरीत किती काम पडलं ते त्याच्या नावापुढं टिपून ठेवायला लावलं. मग जवळचे तारे जवळ राहतील अशा बेतानं सगळे एका दोऱ्यात ओवले, आणि दोरा सारख्या कामाच्या सोळा तुकड्यांत कापला. एखाद्या तुकड्यात थोडेच तारे आले, एखाद्यात ढीगभर. पण सगळी मशीनं एकदम थांबायला लागली, एकदम पुढं निघायला लागली. तय्यबभाई म्हणाले, "बँडवाल्यांची पावलं पडतात तशी पडायलीत."

दोन हजार साल उजाडलं आणि एप्रिलमध्ये लातुरात एक हूल उठली. मेच्या पाच तारखेला सगळे ग्रह एका रेषेत येणार, आणि जमीन पुन्हा हादरणार. पेपरात आलं, पत्रकं वाटली गेली, पानटपरीवर बोलणं चाललं. त्र्याण्णवचं ज्यांनी पाहिलं होतं त्यांना हसायची सोय नव्हती. सुट्टीच्या बॅचला आलेली पोरं पालक परत न्यायला लागले. बाकीच्या क्लासचं जे झालं तेच मेरूचं झालं, बाकं रिकामी व्हायला लागली.

शेषेराव सर स्वस्थ बसणारे नव्हते. त्यांनी तळमजल्याच्या हॉलमध्ये पालकांची सभा बोलावली. एक नावाजलेले ज्योतिषी येणार, ग्रहशांती करणार, या वास्तूला बाधा नाही असं सांगणार. आणि मग कॉम्प्युटर.

"मॅडम, तुमच्या त्या प्रोग्राममध्ये ग्रह टाका. पडद्यावर फिरताना दिसले पाहिजेत," सर म्हणाले. "महाराजांचं बोलणं झालं की तुम्ही उठायचं आणि सांगायचं, कॉम्प्युटरनं तपासलं, मेरूची इमारत सुरक्षित आहे."

"ग्रहांचं सांगते. इमारतीचं मी कसं सांगू?"

"अहो, एक वाक्य आहे. पालकांना धीर येईल."

"ग्रहांचं सांगते," ती पुन्हा म्हणाली. सरांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

त्या आठवड्यात तिनं सूर्य, चंद्र आणि सगळे ग्रह घेऊन गणित मांडलं. खरं तर त्याला सोळा मशीनं लागत नव्हती, पाठकोरा कागदही पुरला असता. पण कागदावर लोकांचा भरवसा नव्हता, पडद्यावर होता, म्हणून तिनं ते पडद्यावर चढवलं. एका दुपारी ती जिन्यानं वर निघाली आणि तिसऱ्या मजल्यावर थांबली. हा मजला मागच्या वर्षी चढवला होता. तळमजल्याचा हॉल मोठा दिसावा म्हणून तिथले दोन खांब काढून टाकलेले तिनं पाहिले होते. वरच्या मजल्यावर दोनशे पोरं बसायची. भिंतीला कोपऱ्यातून खालपर्यंत एक चीर गेली होती आणि तिच्यावर चुना फासला होता. कॉलेजात स्थापत्य शाखेच्या मुलामुलींत वावरून तिला इतकं कळत होतं, की हे कुणीतरी जाणत्यानं येऊन बघायला हवं. तिनं सरांना तसं सांगितलं. सर म्हणाले, "रंग द्यायचाच आहे दिवाळीला."

सभेला हॉल भरून गेला. ज्योतिषी बोलले, चांगले बोलले. मग बुद्धप्रिया उठली. तय्यबभाईंनी पडदा लावला होता. सूर्याभोवती ग्रह फिरले, एका बाजूला जमले, बायकांनी हात जोडले.

"हे खरं आहे, ते एका बाजूला येणार आहेत," ती म्हणाली. "पण बघा, सूर्याच्या पलीकडं. आपल्यापासून लांब. नुसत्या ओढीनं जमीन ताणत नाही. जमिनीच्या या अंगाला किती ओढ आणि त्या अंगाला किती, त्यातल्या फरकानं ताणते. तो फरक चंद्राचा सगळ्यात जास्त. चंद्राचा एक पोतं ज्वारी धरला, तर बाकी सगळ्या ग्रहांचा मिळून मूठभर दाणेसुद्धा भरत नाहीत. आणि चंद्र तर आपल्याला रोजच ओढतोय."

हॉलमध्ये कुजबुज झाली. शेषेराव सर समाधानानं मान हलवत होते. चाकूरकडचे एक पालक उभे राहिले. खांद्यावर उपरणं, पायात धुळीच्या चपला. "मॅडम, मंग त्या साली काय झालं व्हतं? ग्रहांनी न्हाई केलं तर कुणी केलं?"

"जमिनीच्या पोटात खडकांवर ताण साठत गेला आणि खडक सरकला. तो त्याच दिवशी का सरकला, हे मला सांगता येत नाही. पुन्हा कधी सरकेल तेही नाही. जो सांगतो तो थापा मारतो." ती पडद्यापासून पुढं आली. "पण माझा भाऊ खडकानं मेला नाही. भिंतीनं मेला. कुडाची घरं उभी राहिली, दगडाची पडली. म्हणून मला ग्रहांचं विचारू नका. तुमची पोरं ज्या मजल्यावर बसतात त्याच्या खालचे खांब मोजा. या हॉलपासून सुरुवात करा. इथं दोन खांब होते, ते आता नाहीत. वरच्या भिंतीला चीर गेलीय, तिच्यावर चुना लावलाय. इंजिनिअरला आणून दाखवा, मगच पोरं वर पाठवा."

शेषेराव सरांनी स्वतः जाऊन प्रोजेक्टरची पिन काढली. पडदा काळा झाला. लोक मात्र पडद्याकडं बघतच नव्हते, सगळे माना वर करून स्लॅबकडं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषेराव सरांनी तिला वरच्या खोलीच्या दारातच अडवलं. दाराला नवं कुलूप होतं. आत तिचा दहा हजार ताऱ्यांचा पुंजका कितीतरी आठवडे चालत आला होता, तोही बंद करून टाकला होता.

"मी तुम्हाला पोरीसारखं वागवलं," शेषेराव सर म्हणाले.

"मी खोटं काय बोलले ते सांगा."

"खरं बोलायची जागा असते मॅडम."

"पोरं जिथं बसतात तीच जागा, सर," ती म्हणाली आणि जिना उतरली. गांधी चौकापर्यंत ती न थांबता चालत गेली. रडू आलं, ते तिनं रस्त्याच्या कडेला उभं राहून पुरतं येऊ दिलं. मग एसटी धरून आईकडं गेली.

पाच तारखेला नव्या गावठाणातलं निम्मं गाव शेतात झाडाखाली जाऊन बसलं होतं. भर दुपार, ऊन रणरणत होतं. शेजारची गंगम्मा हाक मारून गेली, "पार्वतीबाई, चला की. पोरीलाबी घ्या."

"न्हाई येत," पार्वतीबाई म्हणाली. "माझी लेक सांगायलीय, ग्रहांत काय बी न्हाई. मी आतच बसते."

मायलेकी भूकंपानंतर बांधून मिळालेल्या घरात बसल्या. पार्वतीबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. फोडता फोडता म्हणाली, "इतकी वर्सं मी शनीला शिव्या देत आले. आता कुणाला देऊ?"

बुद्धप्रियानं आईच्या पुढ्यातल्या थोड्या शेंगा आपल्याकडं ओढल्या आणि फोडायला घेतल्या.

"मालकाच्या घरची आत झोपली, पोरगं बी आत झोपलं," पार्वतीबाई म्हणाली. "भिंतीनं जात न्हाई इचारली. ते लई वंगाळ घर व्हतं. वरून लई माती. मी त्याला म्हणले व्हते, बाहेर वट्ट्यावर झोप." एवढं ती सात वर्षांत पहिल्यांदा बोलली.

संध्याकाळी गाव परत आलं. जमीन जिथल्या तिथं होती.

पुढचं सांगायचं तर, नांदेडला एका छोट्या तंत्रनिकेतनात तिला शिकवायची जागा मिळाली. तिनं प्राचार्यांकडं मागच्या अंगाचं रिकामं शेड मागितलं आणि तय्यबभाईंना निरोप धाडला. त्या वर्षी तय्यबभाईंच्या दुकानात जुन्या मशीनचा डोंगर झाला होता. दोन हजार साल लागलं की कॉम्प्युटर बंद पडणार, या भीतीनं ऑफिसांनी चांगली चालती मशीनं भंगारात काढली होती. तय्यबभाई टेम्पो भरून चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडात आले.

"ताई, एक बी सारखं न्हाई हां," ते उतरता उतरता म्हणाले. "कोण म्हातारं, कोण लंगडं."

"चालतंय. लंगड्याला हलकं ओझं देऊ."

नुसतं बोलून ते भागणारं नव्हतं. आता कामाची सारखी वाटणी करूनही फसत होतं, कारण हात सारखे नव्हते. तिनं प्रोग्राम पुन्हा उघडला. प्रत्येक फेरीत कोणतं मशीन किती वेळात उरकतं ते बघायचं आणि पुढच्या फेरीला त्याच्या कुवतीप्रमाणं दोऱ्याचा तुकडा कापायचा. जुनाट मशीनला चिमूटभर तारे, दमदाराला ओंजळभर. वीज गेली तर शेवटच्या नोंदीपासून पुन्हा उठायचं. नांदेडची वीज जायचीच. लातूरच्या सोळा नव्या मशीनवर तिला हे कधी सुचलं नसतं, कारण गरजच पडली नसती. या भंगारावर वीस हजार ताऱ्यांचा पुंजका चालला. त्याचा गाभा हळूहळू आकसत गेलेला आणि कडेचे तारे एकेक करून कायमचे बाहेर फेकले गेलेले तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

लातुरात त्या सभेनंतर पालक गप्प बसले नाहीत. चाकूरच्या त्या उपरण्यावाल्यांनी आणखी काहींना गोळा केलं आणि इंजिनिअर आणल्याशिवाय पोरं वर पाठवणार नाही म्हणून सांगितलं. इंजिनिअर आला, त्यानं चिरेत बोट घातलं, आणि तिसरा मजला बंद झाला. शेषेराव सरांनी याचं श्रेय कधी बुद्धप्रियाला दिलं नाही. पण क्लास वाढतच गेला, नवीन जागा घेतल्या, आणि काही वर्षांनी ते स्वतः गाडी करून नांदेडला आले. शेडात पंख्यांच्या घरघरीत एका स्टुलावर बसले.

"परत या मॅडम," ते म्हणाले. "फिजिक्सला तुमच्यासारखं माणूस मिळत नाही. हॉर्डिंगवर फोटो लावू. पाहिजे तेवढी मशीनं घ्या, नवी कोरी."

"तिसरा मजला पाडला का?"

"रिकामा आहे."

"रिकामा ठेवणं आणि पाडणं एक नाही, सर. खालच्या दोन मजल्यांत पोरं बसतात अजून."

"तुम्ही बदलला नाहीत."

"नाही."

तिनं त्यांना चहा पाजला, गाडीपर्यंत सोडायला गेली, घरच्यांची चौकशी केली. राग तिनं कधीच टाकून दिला होता, पण म्हणणं सोडलं नव्हतं. सर गेले आणि ती आत आली. कडेचं एक म्हातारं मशीन तापून बंद पडलं होतं, आणि बाकीच्यांनी त्याच्या वाटचे तारे आपसांत वाटून घेतले होते. तिनं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि त्याचं झाकण खोलायला बसली.